पंगतीत थांबलेला हात

त्या मुलाने ‘आई’ असे म्हटले नव्हते. हे मी भर सभागृहात उभा राहून सांगितले, तेव्हा ‘सर, आपण नंतर बोलू’ असे म्हणून मला खाली बसवण्यात आले. तो ‘नंतर’ अजून आलेला नाही. म्हणून हा लेख.

प्रसंग असा. गंगापूर रोडवरच्या ज्या केंद्रात वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून मी उभी हयात घालवली, त्या केंद्राचा वर्धापनदिन होता. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात ‘त्र्यंबकच्या मुलाची गोष्ट’ सांगितली. त्यांच्या म्हणण्यानुसार आईने तपश्चर्या केली, भर पंगतीत एके दिवशी त्या चार वर्षांच्या मुलाच्या तोंडून ‘आई’ हा शब्द फुटला, जेवणाऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि आईच्या डोळ्यांना धारा लागल्या. सभागृहातही पुष्कळांच्या लागल्या. मी त्या पंगतीत हजर होतो, वक्ते नव्हते. टाळ्या वाजल्या नाहीत. जेवणारा माणूस उष्ट्या हाताने टाळ्या वाजवत नाही, एवढे भान तरी गोष्ट रचणाऱ्याने ठेवायला हवे होते.

केंद्रातला पालकवर्ग आता माझी विद्यार्थिनी मानसी चालवते. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “सर, सोडून द्या ना. गोष्ट चांगलीच आहे की. लोकांना बरं वाटलं.”

“कोणत्या लोकांना?” मी विचारले. “मागच्या रांगेत तुझ्याच वर्गातले पालक बसले होते. ज्यांची मुलं अजून बोलत नाहीत, ते काय घेऊन घरी गेले? आपलीच तपश्चर्या कमी पडली, एवढंच ना?”

“बरं, सर,” म्हणून मानसीने फोन ठेवला. ती ‘बरं’ म्हणाली म्हणजे तिला पटले असे नव्हे, हे मला ठाऊक आहे. तिला मीच घडवले आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा आजार नाही. मेंदूची ती जन्मजात वेगळी घडण आहे. असे मूल हाक मारल्यावर वळेलच असे नाही. माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याला फिरता पंखा अधिक जवळचा वाटू शकतो. शब्द उशिरा येतात, कधी थोडे येतात, कधी येतच नाहीत. आईने लळा लावला नाही म्हणून हे होते, घरात मोबाइल आला म्हणून होते, पूर्वजांचा काही दोष राहिला म्हणून होते, या तिन्ही मतांशी मी आयुष्यभर भांडलो. पहिल्याशी चिडून, दुसऱ्याशी समजावून आणि तिसऱ्याशी जरा जपून. कारण तिसरे मत असलेल्यांच्या घरी मला गृहभेटीला जायचे असे.

आमचा पालकवर्ग शनिवारी सकाळी भरे. पाच-सहा कुटुंबे सतरंजीवर आपापल्या मुलांना घेऊन बसत. माझा एक नियम होता आणि त्यावरून माझी पुष्कळ बदनामी झाली. मी मुलाला हात लावत नसे. खेळवायचे आईने, भरवायचे बापाने. मी मागे मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बघत बसे आणि अधूनमधून एखादे वाक्य बोले. ‘सर काहीच करत नाहीत’ अशी तक्रार विश्वस्तांपर्यंत गेली होती. मी त्यांना विचारले, मूल माझ्याजवळ आठवड्यातून किती वेळ असते आणि घरी किती वेळ असते? मी त्याला शिकवले तर ते माझ्याशी बोलेल. माझ्याशी बोलून त्याला काय करायचे आहे?

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, भाऊसाहेब, आपल्या लेकीला घेऊन येत. मुलीशी सारखे बोलत राहा, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. गृहस्थ पहाटे उठल्यापासून बोलत. फवारणी, छाटणी, बाजारभाव, सगळे त्या तीन वर्षांच्या मुलीच्या कानावर घालत. “सर, घसा बसला माझा. पन पोरगी बघत बी नाय माझ्याकडं.”

“भाऊसाहेब, तुमच्या घरी रेडिओ चालू असला तर तुम्ही त्याच्याकडे बघत बसता का?”

“नाय.”

“मग?”

ते मोठ्याने हसले आणि पुढचा तासभर तोंड मिटून बसले. तासाच्या शेवटी मुलीने आपण होऊन त्यांच्या ओठांना बोट लावले. आवाज कुठे गेला, हे ती शोधत होती. भाऊसाहेब उठून बाहेर गेले आणि नाक शिंकरून परत आले. आमच्या धंद्यात हा मोठा दिवस असतो. याची बातमी होत नाही आणि याच्यावर भाषणही होत नाही.

खंतही आहे, ती लपवत नाही. सुरगाण्याकडचे एक जोडपे एकदाच आले. इतक्या लांबून दर शनिवारी येणे त्यांना शक्य नव्हते, आणि आमचा वर्ग त्यांच्यापर्यंत नेण्याची तयारी केंद्राने दाखवली नाही. मी त्यासाठी भांडलो आणि हरलो. वर्धापनदिनाच्या भाषणात ही गोष्ट कोणी सांगितली नाही.

आता त्र्यंबकच्या मुलाकडे येतो. नावे अर्थातच बदललेली आहेत.

रोहिणी पावसाळ्यात मल्हारला घेऊन आली. घर त्र्यंबकेश्वरचे, नवरा श्रीकांत पौरोहित्य करणारा. विधींसाठी बाहेरगावचे यजमान त्यांच्याकडे उतरत आणि दुपारी त्यांची पंगत घरातच बसे. स्वयंपाक आणि पंगत ही श्रीकांतच्या आईच्या, माईंच्या, ताब्यातली. मल्हार चार वर्षांचा. बोलत नव्हता, वळून बघत नव्हता, आणि पंगत बसली की घुसून कोणाच्याही पानातली कुरडई उचलून पळे. कुरकुरीत खाण्यावर त्याचा फार जीव. एका यजमानांनी त्यावरून पान सोडून उठायचे तेवढे बाकी ठेवले होते.

पहिल्या भेटीतच रोहिणी म्हणाली, “सर, दिवाळीनंतर ह्याला एका निवासी संस्थेत ठेवायचं ठरलंय. माई म्हणतात, तिथे शिकलेली माणसं असतात, आपल्याला काय येतं?”

“आणि श्रीकांतराव?”

“माई म्हणतील तसं.”

“तुमचं काय म्हणणं आहे?”

“मला कोण विचारतंय?” तिने मल्हारकडे पाहिले. तो दाराची कडी वरखाली करत होता. “झोपताना ह्याला माझी वेणी हातात लागते, सर. तिथे कुणाची धरेल?”

अशा सगळ्याच संस्था वाईट असतात, असे मी म्हणणार नाही. काही घरांना दुसरा मार्ग उरत नाही. परंतु या घराने अजून पहिला मार्गही चालून पाहिला नव्हता. मी तिला विचारले, “घरात वाढतं कोण?”

तिला प्रश्न कळला नाही. “म्हणजे?”

“पानात वाढायचं काम कुणाचं?”

“माईंचं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.”

“मग पुढच्या शनिवारी माईंना घेऊन या. आणि त्याआधी घरच्या एका पंगतीचं मोबाइलवर चित्रण करा. मल्हार आणि माई, दोघेही त्यात दिसले पाहिजेत.”

हा प्रश्न मला सुचला, याचा मला आजही अभिमान आहे. पुस्तकात तो नाही.

माई आल्या, नऊवारी नेसलेल्या, ताठ बसणाऱ्या. त्या दिवशी वर्गात ‘थांबण्या’चा धडा होता. तो असा. पालकांनी मुलाच्या आवडीचा खाऊ लहान डब्यात आणायचा. एक तुकडा द्यायचा. मग डबा मिटून मुलाच्या समोर धरायचा आणि काही न बोलता, मनात एखादा श्लोक म्हणावा इतके थांबायचे. मुलाने नजर वर केली, हात पुढे केला, डब्याला बोट लावले, हुंकार दिला, काहीही केले तरी ते मागणे समजून ताबडतोब द्यायचे. रडवायचे नाही, चिडवायचे नाही, जेवण कधीही अडवायचे नाही. फक्त मुलाला काहीतरी सांगण्याची गरज पडेल एवढी जागा मोकळी सोडायची. सांगायला सोपे आहे. करून बघावे.

सगळे पालक डबे मिटून बसले होते. वर्गात पूर्ण शांतता होती. भाऊसाहेबांच्या मुलीचा हात नुकताच डब्याकडे निघाला होता. तेवढ्यात माईंनी पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला, पदर खोचला आणि ओळीने प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक लाडू ठेवत गेल्या. कोणाला काही कळायच्या आत संपूर्ण वर्ग लाडू खात होता.

“माई,” मी म्हणालो, “डबा बंद करा.”

“का हो? लेकरं भुकेली बसलीत आणि आयाबाप डबे मिटून बघत बसलेत! लहान मुलांच्या तोंडचा घास काढणारे मास्तर मी आजच पाहिले.”

“घास काढत नाही. तो मागायची संधी देतोय.”

“मागायची? आमच्या घरी पानावरच्या माणसाला तोंड उघडावं लागलं, तर सासूबाई मला सगळ्यांदेखत विचारायच्या, लक्ष कुठे होतं म्हणून. आणि तुम्ही पोटच्या पोराला मागायला लावता? भिकारी करायचंय का त्याला?”

मी पुढे होऊन डब्याचे झाकण लावले. माईंनी डबा पिशवीत टाकला आणि रिक्षा करून बसस्टँड गाठला. केंद्रात आजही असे सांगतात की, ‘सरांनी एका म्हाताऱ्या बाईंना वर्गातून हाकलले.’ मी झाकण लावले. चालत्या त्या झाल्या. या दोन क्रियांत फरक आहे आणि तो नोंदवला गेला पाहिजे.

पुढच्या शनिवारी त्या परत आल्या. का आल्या, याविषयी त्यांचे स्वतःचे म्हणणे असे की, ‘मास्तर पुन्हा तसे वागतात का, ते बघायला.’ दाराशी बसल्या, पिशवी मांडीवर. जणू पुढचीच बस पकडायची होती. मी रोहिणीचा मोबाइल त्यांच्या हातात दिला.

चित्रणात पंगत होती. माई वाढत चालल्या होत्या; त्यांची चपळाई कोणीही बघत राहावे अशी. कोणाची आमटी संपत आली की वाटी भरलेली, भात निम्मा झाला की मूद पडलेली. कोपऱ्यात मल्हार. त्याच्या पुढ्यातला कुरडईचा तुकडा संपला. त्याने मान उचलायला सुरुवात केली. त्याची नजर माईंच्या गुडघ्यापर्यंत पोचली होती, तोच वरून माईंचा हात आला, कुरडई पडली आणि मान पुन्हा खाली गेली.

“परत लावा,” माई म्हणाल्या.

पुन्हा पाहिले. मग आणखी एकदा.

“हा माझ्याकडे बघायला लागला होता.”

“होय.”

“आणि मी आधीच वाढून मोकळी.” त्यांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. “अहो मास्तर, पाठ फिरवून उभी असले तरी कुणाच्या पानात काय संपलंय ते मला कळतं. ह्याचं एवढं नाही कळलं?”

“तुम्हाला सगळं कळतं, हीच अडचण आहे, माई. त्याला सांगायला काही उरतच नाही.”

त्यानंतर माईंनी एकही शनिवार चुकवला नाही. आठ दिवसांत त्या स्वतः थांबायला शिकल्या आणि पंधरा दिवसांत इतर पालकांना दरडावू लागल्या. “अहो, एवढ्यात काय देता? श्लोक तरी पुरा होऊ द्या!” भाऊसाहेब म्हणाले, “माई, तुमी सरांची नोकरी खानार बरं का!”

“त्यांना नोकरी आहे कुठे? बसूनच तर असतात,” माई म्हणाल्या.

त्र्यंबकात त्या आजही हेच सांगतात. सगळे आपणच केले, मास्तर नुसते बसून होते. हे विधान निम्मे खरे आहे. मी बसून होतो. पण ज्याला कधी हात लावू नये हे कळते, त्याच्या बसून राहण्यामागे आयुष्यभराची विद्या असते. ही विद्या मी कमावलेली आहे, आणि तिचे श्रेय मी माईंनाही देणार नाही, प्रमुख पाहुण्यांनाही नाही.

घरात पाहुणे नसताना मल्हार आता कधी माईंचे मनगट ओढू लागला होता, कधी रिकामी वाटी त्यांच्या पायाशी आणून ठेवत होता. पण पंगतीत थांबायला माई तयार नव्हत्या. “यजमानांसमोर लेकराला ताटकळत ठेवायचं? घराची अब्रू आहे काही.” नेमकी अडचण पंगतीतच होती. पंगतीत तो घुसे म्हणून तर त्याला पाठवायचे ठरले होते, आणि तो निर्णय माईंनी अजून मागे घेतला नव्हता. मी त्याविषयी एकदा विचारले, तेव्हा, “चार भिंतींत शहाणा आहे हो. चार माणसांत काय?” एवढेच म्हणाल्या.

दिवाळीच्या तोंडावर मी गृहभेटीला गेलो. भाऊबीजेनंतर मल्हारला संस्थेत पोचवायचे होते. दुपारची पंगत बसली. मलाही पान मांडले होते. मल्हारला त्या दिवशी प्रथमच ओळीच्या शेवटी स्वतःचे पान होते. ही रोहिणीची कल्पना. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. यजमान लातूरकडचे, एक भरगच्च मिश्यांचे गृहस्थ आणि त्यांचे कुटुंबीय.

माई कुरडयांची परडी घेऊन निघाल्या. सगळ्यांना वाढून मल्हारपाशी आल्या. एक लहानसा तुकडा ठेवला. त्याने तो संपवला. माई परडी घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि थांबल्या.

मी घास खाली ठेवला. मल्हारची नजर शेजारच्या पानावर गेली. तिथे मिशीवाल्यांच्या पुढ्यात कुरडयांचा ढीग होता. त्याचे अंग तिकडे झुकले. हा झुकाव मी चित्रणात पुढे, यजमानांच्या पानांपाशी, पाहिलेला होता. यानंतर झडप येई. माईंचे ओठ हलत होते. त्या श्लोक म्हणत होत्या.

“अहो आजी,” मिशीवाले म्हणाले, “लेकराला द्या की! आमच्या पानात ढीग घालताय अन् त्या बारक्याला तरसवताय व्हय?”

ओळीतल्या सगळ्या माना वर झाल्या. माईंचा चेहरा लाल झाला. ज्या घरात पानावरच्या माणसाला कधी मागावे लागले नाही, त्या घरात पाहुणा वाढणारीची चूक काढत होता. परडीतला हात उचलला जाऊ लागलेला मी पाहिला. ‘माई, थांबा’ हे शब्द माझ्या ओठांवर होते. मी बोललो नाही. बोललो असतो तर ते थांबणे माझे झाले असते.

हात परडीतच राहिला. माई मान न वळवता म्हणाल्या, “दादा, जरा गप बसा. माझ्या नातवाला काही सांगायचंय.”

मल्हारचे झुकलेले अंग सरळ झाले. त्याने हात लांबवला, माईंचे मनगट धरले आणि मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. गुडघ्याकडे नाही, परडीकडे नाही, चेहऱ्याकडे. क्षणभरच. शब्द नव्हता. घशातून एक ‘अं’ आला, तोही मी अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आला.

माईंनी कुरडई दिली. त्याने खाल्ली, पुन्हा मनगट धरले आणि पुन्हा वर पाहिले. माई तिथून हलेनात. पलीकडे आमट्या संपल्या, भात संपले. शेवटी मिशीवाले चाचरत म्हणाले, “आजी, जरा भात मिळंल का?” त्या घरात पानावरच्या माणसाने बहुधा पहिल्यांदाच काही मागितले असेल. माई म्हणाल्या, “थांबा.”

रोहिणीच्या डोळ्यांना धारा लागल्या, हेही खोटे आहे. तिला वेळच नव्हता. ती भाताचे पातेले घेऊन आली आणि सासूच्या पंगतीत प्रथमच वाढू लागली. माईंनी तिला अडवले नाही. घडले ते एवढेच. यात ‘आई’ हा शब्द कुठेही बसवता येत नाही, आणि बसवण्याची गरजही नाही. जे घडले ते शब्दापेक्षा मोठे होते. आणि ते सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या कोणत्याही पालकाच्या घरात, कोणत्याही दुपारी घडू शकते.

यजमान उठले. मी हात धुवून ओसरीवर बसलो. रोहिणी उष्टी काढून आत भांडी घासायला गेली. माई मल्हारला मांडीवर घेऊन सुपारी कातरत होत्या आणि तो अडकित्त्याचा आवाज कान देऊन ऐकत होता. श्रीकांत बाहेर आला.

“माई, गाडीवाल्याला निरोप द्यायचाय. भाऊबीजेनंतरचा दिवस पक्का सांगू ना?”

माईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्या मला म्हणाल्या, “मास्तर, दिवाळीनंतर तुमचा वर्ग कधी सुरू?”

“दर शनिवारी असतोच की.”

“ते ठाऊक आहे मला. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार कोणता, ते सांगा. गाडी त्या दिवसाची सांगायची आहे. ह्याला घेऊन बसमध्ये फार हाल होतात.”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी तारीख सांगितली. जरा मोठ्यानेच सांगितली.